पहिली जागा मनाची

“दुखणं सांग. कौतुक नको, दुखणं सांग.”

हा आवाज आत्याच्या कानात पन्नासहून अधिक वर्षं मुक्कामाला होता. तिच्या वडिलांचा आवाज, सरसासारखा दाट, हळूहळू ओघळणारा. दारात कुणी मोडकी खुर्ची आणून टेकवली की ते डोळे मिटून तिच्या पाठीवरून हात फिरवायचे आणि शेजारी उभ्या असलेल्या नऊ वर्षांच्या लेकीला विचारायचे, “सांग, काय होतंय हिला?” लेक सांगायची. मागचा डावा पाय डुगडुगतोय. बैठकीचा वेत कोपऱ्यात तुटलाय. हाताचा सांधा सुटलाय. आणि चुकून कधी तिच्या तोंडून निघालं, “पण पाठीची नक्षी किती छान आहे, बाबा!” की वडील ओठांवर बोट ठेवायचे. “खुर्चीसमोर खुर्चीचं कौतुक करू नये. सैल पडते.”

ती लेक आता सदुसष्ट वर्षांची झाली होती. वडील गेले, पण त्यांचा बाक राहिला, रंधा राहिला, वेत भिजवायची पत्र्याची लांबट परात राहिली, आणि राहिला हा नियम. सख्खी भाची तिला एकच, पण आत्या ती साऱ्या गल्लीची. दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे तिला आत्याच म्हणत. कुणाची खुर्ची मोडली की तिच्याकडे यायची, दुरुस्त होऊन जायची, आणि जाताना गिऱ्हाईक म्हणायचं, “वा, नवी झाली की!” त्यावर आत्याचं उत्तर ठरलेलं, “चालेल आता.” यापलीकडे तिची जीभ कधी गेली नाही.

समोरच्या दुकानातला पॉलिशवाला मात्र अगदी उलट्या जातीचा. त्याच्या तोंडी सगळंच एक नंबर. चहा एक नंबर, चहात पडलेली माशीसुद्धा एक नंबर. “आत्याबाई,” तो रस्त्यापलीकडून ओरडायचा, “एखाद्या दिवशी चांगलं म्हणा की काहीतरी! शब्दाला काय भाडं पडतं का?”

“तू म्हणतोस ना दिवसभर,” आत्या तोंडातला वेत न काढता सांगायची. “माझ्या वाटचंही तूच म्हण.”

या दुकानात आत्याच्या जोडीला बसायची तिची भाची. भावाची मुलगी. लहानपणी इतकी किडकिडीत की आजोबांनीच तिचं नाव सुतळी ठेवलं, आणि आता तिशीला आली तरी ते सुटलं नाही. सकाळी ती मोठ्या माणसांच्या वर्गात इंग्रजी शिकवायची, दुपारी येऊन आत्याच्या शेजारी वेत विणायची. अकरा वर्षं. या अकरा वर्षांत तिनं किती बैठका विणल्या असतील, मोजदाद नाही. प्रत्येक बैठक पुरी झाली की आत्या यायची, अंगठ्यानं मधोमध दाबायची, डोळा बारीक करून उजेडाकडे तिरकी धरायची आणि म्हणायची, “तिसरी ओळ.” म्हणजे तिसरी ओळ सैल आहे. किंवा, “पाचवी बघ.” म्हणजे पाचवी कुठंतरी वळली आहे.

“आत्या, तू माझं नावच बदलून टाक,” सुतळी हसत म्हणायची. “सुतळी नको, तिसरी ओळ म्हण.”

हसायची खरी. पण उठून परातीतला वेत उगाचच खालीवर करत राहायची, आणि तो खालीवर होण्याचा आवाज आत्याला कळायचा. कळूनही ती पुढची खुर्ची ओढून घ्यायची.

वेताची बैठक कशी विणतात हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगायला हवं. चौकटीला चारी बाजूंनी भोकं असतात. भिजवलेल्या वेताच्या पट्ट्या त्यांतून ओढायच्या, सुटू नयेत म्हणून भोकात लाकडी खुंटी ठोकायची, आणि एकावर एक सहा थर चढवून सातव्यानं काठ बंद करायचा. क्रम चुकला की जाळी बसत नाही. म्हणून वडिलांनी लेकीला हिशेबापेक्षा सोपी वाट दिली होती. गाणं.

पहिली ओळ उभी गं, दुसरी आडवी निजली,
तिसरी पहिलीच्या पाठी, चौथी दोघींत रुजली,
पाचवी निघाली तिरकी, सहावी तिला भेटाया,
सातवी काठाकाठानं आली दार बंद कराया.

आत्या हे गुणगुणत विणायची. सुतळीही. दोघींचे सूर वेगळे, पण हात एकाच चालीवर.

असं सगळं सुरळीत चाललं असताना एके दिवशी नाटकगृहाच्या कचेरीतून पत्र आलं. गावातलं जुनं नाटकगृह नवं करायचं ठरलं होतं. वरच्या सज्जात वेताच्या छत्तीस खुर्च्या होत्या. त्या आत्याच्या वडिलांनी घडवल्या होत्या, शेवटच्या सहा बैठका तर आत्याच्याच हातच्या. त्या ठेवायच्या की काढायच्या हे ठरवायला बाहेरून एक तज्ज्ञ येणार होते. त्यांना इथली भाषा येत नव्हती. तेव्हा प्रत्येक खुर्चीचं वर्णन करणारं एक कार्ड इंग्रजीत हवं होतं, आणि कार्ड लिहिणाऱ्या कारागिरानंच समितीपुढे येऊन बोलायचं होतं. खुर्च्या ठेवायच्या ठरल्या तर दुरुस्तीचं काम आत्याचं. नाही ठरल्या तर मोडीत, आणि त्यांच्या जागी रेक्झिनच्या घडीच्या खुर्च्या.

“मी लिहून देते,” सुतळी म्हणाली. “एका सकाळचं काम.”

“तू लिहिलंस तर बोलणार कोण? दुसऱ्याच्या पायांवर उभी राहिलेली खुर्ची पाहिलीयस कधी? कार्डं मीच लिहिणार. तू फक्त शब्द दे.”

“शब्द दिले तरी ते जोडायचे कसे?”

“आयुष्यभर काय केलं मी? जोडतेच आहे.”

आत्याची शाळा सातवीत सुटली होती, पण इंग्रजी अक्षरं तिला वाचता यायची. सरसाच्या डब्यांवर, पॉलिशपेपरच्या पाठीवर तीच तर असायची. सुतळीनं बाकावर खडूनं लिहिलं, चेअर. म्हणाली, “हे नाम. आता चेअर कशी आहे ते सांगणारा जो शब्द, ते विशेषण. ते नामाच्या आधी बसतं. ओल्ड चेअर.”

“आधी का?”

“इंग्रजीत तशीच रीत. नाही तर मग मधे इज घालून मागं पाठव. द चेअर इज ओल्ड. पण थेट चिकटवायचं तर आधी.”

“बरं. आणि खुर्च्या छत्तीस असल्या तर ओल्डचं काय होतं?”

“काही नाही. ओल्ड चेअर्स. एस लागतो तो चेअरला. ओल्ड जसाच्या तसा.”

“आणि म्हातारा असला तर?”

“ओल्ड मॅन.”

“म्हातारी?”

“ओल्ड वुमन.”

आत्याला हे फार आवडलं. “बरं आहे की! आपल्याकडे चांगला, चांगली, चांगलं, चांगले. पाहुणा बघून कपडे बदलणारं माणूस जसं. हे इंग्रजी विशेषण मात्र कुणापुढे वाकत नाही.”

“आपल्याकडेही आहेत अशी. लाल बघ. लाल खुर्ची, लाल रंग, लाल लाकूड.”

“ती थोडी. इथं सगळीच ताठ.” आत्यानं खडू हातात घेतला. “पुढं?”

पुढं होतं ते अवघड. एका खुर्चीला पाच-सहा विशेषणं लावायची तर कुठलं आधी, कुठलं नंतर? सुतळी आपल्या वर्गात सांगायची तेच सांगू लागली. इंग्रजीत याचा एक क्रम असतो. सगळ्यांत आधी आपलं मत, मग आकारमान, मग वय, मग आकार, मग रंग, मग मूळ कुठलं, मग कशाची केली, मग कशासाठी. वर्गातले लोक इथं जांभया द्यायचे. आत्या सरसावून बसली.

“म्हणजे थर आहेत.”

“हो, थरच.”

“मग वर्गात थर म्हणून सांगत का नाहीस? क्रम म्हटलं की माणूस घाबरतो. थर म्हटलं की हात कामाला लागतात.” ती डोळे मिटून बोटांवर काहीतरी जुळवत बसली. परातीतला वेत मऊ होईपर्यंत तिचं जुळवून झालं होतं, आणि तिनं ते वडिलांच्याच चालीवर म्हणून दाखवलं.

आधी मन बोले बाई, मग माप, मग वय,
मग आकार, मग रंग, मग गावाची सय,
मग लाकूड कोणतं ते, मग काम कशाचं,
साऱ्यांच्या शेवटी येई नाव खुर्चीचं.

सुतळीनं खडू खाली ठेवला. आठ वर्षं ती हा धडा शिकवत होती, आणि तो इतका सरळ तिलाही कधी दिसला नव्हता. “आत्या, हे मी उद्या वर्गात घेऊ?”

“घे. पण चाल बिघडवू नकोस.”

दोन दिवसांत आत्याचं गाडं धावायला लागलं. दुकानातली कुठलीही वस्तू उचलायची आणि थर चढवायचे. अ स्मॉल, ओल्ड, राउंड, ब्लॅक, वुडन स्टूल. अ लॉंग, न्यू, ग्रीन, प्लॅस्टिक पाइप. पॉलिशवाला चहा घेऊन आला तर त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाली, “अ बिग, ओल्ड, राउंड मॅन.”

“काय म्हणाल्या गं या मला?”

“खरं तेच म्हणाली,” सुतळी हसू दाबत म्हणाली.

“मग एक नंबरला काय म्हणतात ते पण शिकव त्यांना.”

“एक्सलंट. ते पहिल्या जागेवर बसतं. मताच्या.”

आणि इथं सुतळीच्या लक्षात आलं. आत्या प्रत्येक वेळी दुसऱ्या थरापासून सुरुवात करत होती. मापापासून. पहिली जागा रिकामी.

“आत्या, मन कुठं आहे? गुड, नाइस, ब्यूटिफुल, काहीतरी?”

“माझं मत कुणी विचारलंय? माप विचार, सांगते.”

“पहिलं भोक रिकामं ठेवून विणायला घेतलं तर चालेल तुला?”

आत्यानं एक जुनी बैठक पुढ्यात ओढली. मग सुरी उचलून जुना वेत कापायला लागली. सुरी उचलली की बोलणं संपलं, हे सुतळीला माहीत होतं.

छत्तीस कार्डं आत्यानं स्वतःच्या हातानं लिहिली. नाटकगृहाच्या सज्जात जाऊन प्रत्येक खुर्ची उलटी करून, पायांच्या सांध्यांत नख घालून, वेतावर अंगठा दाबून. शब्द हवा असला की खाली उभ्या सुतळीला विचारायची. डुगडुगणारं म्हणजे काय? शेकी. चीर गेलेलं? क्रॅक्ड. सुटलेलं? लूज. कुजलेलं? रॉटन. सुतळी एकेक शब्द वर पाठवत होती आणि हळूहळू तिच्या कपाळाला आठी पडत होती.

“आत्या, नुसतंच दुखणं लिहितेयस.”

“मग? डॉक्टरकडे जाऊन कुणी सांगतं का, माझे डोळे फार सुंदर आहेत म्हणून?”

सुतळीनं पुढचा शब्द वर पाठवला. अकरा वर्षांची सवय. कार्डं गेली.

आठवडा झाला नसेल, कचेरीतल्या बाई स्वतः दुकानात आल्या. जाड भिंगाचा चष्मा लावणारी, वेळेची पक्की बाई. त्यांनी स्टुलावर बसण्याआधी स्टूल हलवून पाहिलं. आत्याला त्या लगेच आवडल्या.

“तज्ज्ञांनी कार्डं वाचली,” बाई म्हणाल्या. “फार बारकाईनं लिहिलीत म्हणाले. एकही चूक नाही.”

“चालेल,” आत्या म्हणाली.

“नाही हो, चालणार नाही.” बाईंनी पिशवीतून एक कार्ड काढून वाचलं. “चौदा नंबर. शेकी, लूज, क्रॅक्ड, डर्टी, वीक, ओल्ड चेअर. तेवीस नंबर. ब्रोकन, वीक, रॉटन... सगळी छत्तीस अशीच. त्यांनी शेरा मारलाय. ज्या कारागिराला या खुर्च्या सर्वांत जास्त कळतात, त्याच्याच मते त्या गेल्यात जमा आहेत. तेव्हा काढून टाकाव्यात.”

आत्यानं हातातला वेत परातीत टाकला.

“मी असं कुठं म्हटलं?” आत्या उभी राहिली. “अहो, हे दुखणं आहे. दुखणं लिहिलं म्हणजे ती बरी होणार. जी बरी व्हायची नाही तिचं दुखणं कोण लिहीत बसेल?”

“हे तुम्हाला ठाऊक. मला आज कळलं. त्यांना कोण सांगणार?” बाईंनी चष्मा पुसला. “पुढच्या शुक्रवारी समितीची शेवटची बैठक आहे. नऊ दिवस आहेत. तुम्हाला पंधरा मिनिटं मिळतील. नमुन्याला दोन खुर्च्या दुरुस्त करून आणा. आणि बोला.”

बाई गेल्या. पॉलिशवाला दारात येऊन उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं, पण त्या दिवशी त्याच्या तोंडातूनही एक नंबर निघालं नाही. “हात दाखवून अवलक्षण झालं की हो, आत्याबाई,” एवढंच म्हणाला.

“हात माझाच आहे,” आत्या म्हणाली. “तोच आता सरळ करीन. सुतळे, चल.”

ती पुन्हा सज्जात गेली. या वेळी एकही खुर्ची उलटी केली नाही. बसली. पहिल्या नंबरवर बसली, उठली, दुसऱ्यावर बसली. सदुसष्ट वर्षांत या खुर्च्यांवर ती कधी प्रेक्षकासारखी बसलीच नव्हती. खाली रंगमंच अंधुक दिसत होता, मधे मचाण बांधलेलं, कुणीतरी भिंत खरवडत होतं. आठव्या खुर्चीवर ती टेकली तेव्हा पाठीचा बाक तिच्या पाठीला असा लागला, जणू वडिलांनी तिचंच माप घेतलं होतं. बाराव्या खुर्चीचा वेत फाटला होता, पण चौकट तसूभर हलली नव्हती. एकाही सांध्यात खिळा नव्हता, सगळं कूस आणि साल, म्हणजे जीभ आणि खाच, लाकडानं लाकडाला धरलेलं. चौदाव्यावर ती जरा जास्त वेळ बसली. चौदावी डुगडुगत होती हे खरं. पण डुगडुगत पन्नास वर्षं उभी होती, हेही तितकंच खरं, आणि ते तिनं कार्डावर लिहिलं नव्हतं.

“सुतळे, इमानाला काय म्हणतात? इमानी माणूस, इमानी कुत्रा म्हणतो तसं?”

“फेथफुल.”

“फेथफुल,” आत्यानं शब्द दातांखाली वेतासारखा चावून पाहिला. “हा पहिल्या जागेवर बसतो का?”

“तिथंच बसतो.”

“गुड, नाइस नको. ते पॉलिशसारखे. वरून फासले की खालची चीरही झाकते आणि खालचं चांगलं लाकूडही झाकतं. प्रत्येकीला तिचा म्हणून शब्द पाहिजे.”

मग तीन दिवस दोघींनी पहिल्या जागेचे शब्द शोधले. दहावी होती तिला स्टर्डी. एकविसावीच्या हातांवर लोकांच्या तळव्यांनी झिलई आली होती, तिला स्मूद दिला, आणि तो मापाच्याही आधी बसवला, कारण आत्याला वाटलं की हे मापापेक्षा मनाचंच जास्त आहे. सुतळीनं हरकत घेतली नाही. दुखणं आत्यानं खोडलं नाही. ते कार्डाच्या मागच्या बाजूला गेलं. पुढच्या बाजूला खुर्ची, मागच्या बाजूला तिचं दुखणं.

उरलेल्या दिवसांत नमुन्याच्या खुर्च्या. चौदा नंबर आत्यानं घेतली, पंधरा नंबर सुतळीला दिली. शेजारीशेजारी बसून दोघींनी विणल्या. दोघींच्या मधे एकच परात. आत्याचे हात अजून चपळ होते, पण पाचव्या ओळीला, जिथं तिरकी पट्टी चार थरांतून ओवायची असते, तिथं तिला हल्ली थांबावं लागायचं. बोटं थरथरत नव्हती, डोळा थकत होता. सुतळी थांबत नव्हती. तिची पाचवी ओळ पाण्यातून मासळी जावी तशी जात होती. आत्यानं एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा सुतळीनंही मान वर केली.

“सांग. तिसरी की पाचवी?”

आत्याच्या जिभेवर काहीतरी आलं होतं. पण जीभ टाळ्याला लागण्याआधीच कानात तो जुना आवाज आला. सैल पडते. तिनं पटकन वेत दातांत धरला. “काठ आवळून घे,” एवढंच म्हणाली.

सुतळीनं काठाची सातवी पट्टी ओढली. अशी ओढली, अशी ओढली की कोपऱ्यातल्या भोकाशी वेत कट्‌ करून तुटला.

आत्यानं ते तुटलेलं टोक उचलून पाहिलं. या दुकानातली मुळाक्षरं होती ती. वेत ओला असताना थोडी ढील ठेवायची, कारण वाळताना तो आपणहून आवळतो. ओल्यातच जीव खाऊन ओढलं तर वाळायच्या आधीच भोकाशी तुटतो. सुतळीला हे ठाऊक होतं. अकरा वर्षांत तिच्याकडून काठ तुटला नव्हता.

“फार ओढलास,” आत्या म्हणाली.

“आवळ म्हणालीस ना,” सुतळी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तेच आत्याला जास्त लागलं. “किती आवळलं म्हणजे पुरे, हे तू कधी सांगितलंच नाहीस मला.”

तिनं नवी पट्टी भिजत टाकली आणि काठ पुन्हा विणायला घेतला. आत्याला आठवलं, सोळाव्या वर्षी तिनं पहिली अख्खी बैठक एकटीनं विणली होती. वडिलांनी अंगठा दाबला, उजेडाकडे धरली, आणि म्हणाले, “हं.” त्या एका हं चा अर्थ ती पन्नास वर्षं लावत होती. चांगली हं, की वाईट हं, की नुसताच हं? विचारायचं राहिलं, आणि सांगणारा गेला.

शुक्रवारी नाटकगृहाच्या तालमीच्या खोलीत लांब टेबलाभोवती समिती बसली होती. कचेरीतल्या बाई एका टोकाला, मधे तज्ज्ञ. उंच, वाकलेला, खिशात घडीची मोजपट्टी ठेवणारा माणूस. चौदा आणि पंधरा नंबरच्या खुर्च्या खिडकीपाशी मांडल्या होत्या.

“मी भाषांतर करते,” बाई हळूच म्हणाल्या.

“लागलं तर सांगीन,” आत्या म्हणाली आणि चौदा नंबरच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. घाबरली नव्हती. आयुष्यभर तिनं बिघडलेल्या वस्तूंपुढे उभं राहून त्यांना सरळ केलं होतं, आणि ही खोली तिला तशीच एक वस्तू वाटत होती. कुठला सांधा सुटलाय ते तिला ठाऊक होतं.

“फर्स्ट कार्ड्स,” ती म्हणाली, “ओन्ली पेन. आय रोट ओन्ली पेन. बिकॉज आय रिपेअर. नाउ आय टेल चेअर.” आणि मांडीशी बोटं मोजत, मनात चाल धरून, एकेक थर चढवला. “अ फेथफुल, लो, ओल्ड, स्क्वेअर, ब्राउन, वुडन, थिएटर चेअर.”

तज्ज्ञांनी मान वर केली. त्यांनी उठून चौदा नंबरचा सांधा पाहिला, मोजपट्टी लावली, बसून पाहिलं. मग नवी कार्डं मागून घेतली. पुढची बाजू वाचली, उलटून मागची वाचली. पुन्हा पुढची. एकविसाव्या कार्डाशी ते थांबले आणि स्मूद या शब्दावर बोट ठेवून बाईंकडे बघून हसले. 

शेवटी ते इंग्रजीत काही बोलले. बाईंनी सांगितलं, “म्हणतात, खुर्च्या ठेवण्यासारख्या आहेत. त्यांचं मत बदललंय. एकच शंका आहे. वेत दर काही वर्षांनी नव्यानं विणावा लागतो. तुमचं वय आता... पुढची वीस-पंचवीस वर्षं हे कोण करणार? कुणी नसेल तर आज ठेवून उद्या मोडीतच काढाव्या लागतील.”

“ही करील,” आत्या म्हणाली. सुतळी दाराशी उभी होती, हातात वेताची उरलेली पट्टी गुंडाळत.

तज्ज्ञ पंधरा नंबरपाशी गेले. आत्या करायची तसाच त्यांनी बैठकीवर मधोमध अंगठा दाबला. मग चौदा नंबरवर दाबला. सरळ आत्याकडे बघून हळू, सोप्या शब्दांत विचारलं. हाउ इज हर वर्क?

बाई भाषांतर करायला लागल्या. आत्यानं हात वर करून त्यांना थांबवलं. प्रश्न तिला कळला होता. तिची जीभ सवयीनं तिसऱ्या ओळीकडे वळली, तिथून पाचवीकडे, तिथून काठाकडे. प्रत्येक ठिकाणी ती चाचपडली. दुखणं सापडेना. कानात वडिलांचा आवाज आला, सैल पडते, आणि या वेळी त्याच्या मागोमाग दुसरा आवाज आला. कोपऱ्यातल्या भोकाशी वेत तुटला होता, त्याचा.

“बेटर,” आत्या म्हणाली. “बेटर दॅन माइन.”

खोलीत कुणीतरी पेन खाली ठेवलं. दाराशी पट्टी गुंडाळणारे हात थांबले.

पण एवढ्यावर भागणार नव्हतं. परक्या भाषेत म्हटलेलं पाहुण्यासाठी झालं. आत्या वळली, सगळ्या समितीकडे पाठ करून भाचीसमोर उभी राहिली, आणि पंधरा नंबरकडे हात करून म्हणाली, “सुतळे, तुझी वीण माझ्यापेक्षा चांगली आहे. आजच नाही, गेली पाच वर्षं. मला ठाऊक होतं.”